बर्फ पडण्यापूर्वीची औली

औली म्हटले की एक चित्र ठरलेले असते. पांढराशुभ्र उतार, त्यावर लाल-पिवळे कोट घातलेली माणसे, त्यांच्या पायांत लांब पट्ट्या, मागे देवदारांची रांग आणि तिच्याही मागे नंदादेवी. हे चित्र खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. ते फार तर दोन-अडीच महिन्यांचे आहे, एवढेच. उरलेले साडेनऊ-दहा महिने औली हिरवी असते, पिवळी असते, तपकिरी असते. आणि त्या महिन्यांतही तेथे माणसे राहतात. स्कीच्या गावाविषयी काही मत बनवावयाचे असेल तर ते बर्फ पडल्यावर बनवू नये, बर्फ पडण्यापूर्वी, शरदाच्या अखेरीस बनवावे, असे माझे म्हणणे आहे. ते मी का धरून बसलो आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या भूगोल विभागाच्या अभ्याससहलीत नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही पाच दिवस जोशीमठात होतो. पाच दिवसांत गाव कळते असा माझा दावा नाही. परंतु हंगाम चुकवून गेल्यामुळे एक फायदा झाला. गावाला आमच्याशी बोलावयास वेळ होता.

आधी जागा नीट समजून घेऊ. जोशीमठ (सरकारदरबारी २०२४ पासून ज्योतिर्मठ) हे उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातले, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८७५ मीटर उंचीवरचे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सतरा हजारांच्या आतबाहेर होती. खाली विष्णुप्रयागाला धौलीगंगा अलकनंदेला मिळते. आपल्याकडच्या बदरीनाथ करून आलेल्या आजी-आजोबांना हे नाव ठाऊक असते, कारण बदरीनाथाची वाट येथूनच जाते. शहराच्या डोक्यावर, अडीच ते तीन हजार मीटरांच्या दरम्यान औलीचा उतार आहे. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्की शिकविणारी संस्था १९७३ पासून तेथे आहे. पुढे पर्यटन आले, जोशीमठाहून वर नेणारा सुमारे चार किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग आला, आणि जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा तेथे झाल्या. म्हणजे औली हे वेगळे गाव नव्हेच. जोशीमठ हे घर आणि औली हे त्याचे अंगण. पाहुणा अंगणात खेळून जातो. घर कसे आहे ते त्याला ठाऊक नसते.

आपल्या मनातला शरद म्हणजे कोजागरीचे दूध आणि दुपारी ऑक्टोबरचा उकाडा. तिकडचा शरद निराळा. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो आणि हवा इतकी स्वच्छ होते की नंदादेवीचे ७,८१६ मीटर उंचीचे शिखर हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटते. हिवाळ्यात, म्हणजे खऱ्या ‘सीझन’मध्ये, ढगांमुळे ते दिवसचे दिवस दिसतही नाही. दुपारी ऊन अंगाला सुखावते आणि सूर्य कड्याआड गेला की दहा मिनिटांत कानटोपी शोधावी लागते.

पण हा काळ निसर्गशोभेचा कमी आणि कामाचा अधिक आहे. आश्विन-कार्तिकात गढवालातील बाईला उसंत नसते. राजगिऱ्याला तिकडे चौलाई म्हणतात. त्याची लालभडक कणसे कापून घरांच्या छपरांवर वाळत पडलेली असतात. शेजारी राजमा. नाचणीला ते मंडुआ म्हणतात, वरीला झंगोरा. आमच्यातील कोकणातल्या मुलांना ती नाचणी पाहून माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले. याच दिवसांत उतारावरचे वाळके गवत कापावयाचे असते, कारण पुढचे चार महिने गुरांना दुसरे काही मिळणार नाही. पाठीवर गवताचा एवढा भारा की खालची बाई दिसतच नाही, गवतच चालत येत आहे असे वाटते. ज्या उतारावर जानेवारीत स्की चालते तो उतारही मुळात गवताचाच, बुग्याल. मेंढपाळ उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जातात आणि शरदात कळप घेऊन खाली येतात. बर्फावरच्या खेळाला आपण साहस म्हणतो. या गवत कापण्याला कोणी साहस म्हणत नाही. घसरून पडण्याचा संभव मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

गवत ही तेथे किती मोठी गोष्ट आहे याचे एक उदाहरण देतो. जोशीमठाच्या अलीकडे हेलंग नावाचे गाव आहे. जुलै २०२२ मध्ये तेथे गवत घेऊन येणाऱ्या बायांना वाटेत अडवून त्यांचे भारे हिसकावून घेण्यात आले. जागा एका जलविद्युत प्रकल्पाचा राडारोडा टाकण्यासाठी दिली होती म्हणून. त्यावर राज्यभर निदर्शने झाली. याच धौलीगंगेच्या खोऱ्यातल्या रैणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना मिठी मारून कुऱ्हाडी परतवल्या होत्या. ‘चिपको’ आपण पाठ्यपुस्तकात शिकलो. ते गाव औलीहून फार दूर नाही, हे मात्र औलीच्या माहितीपत्रकात मला आढळले नाही.

जोशीमठातील माणूस ‘सीझन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक यात्रेचा, वैशाखापासून कार्तिकापर्यंत. दुसरा बर्फाचा, डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. विजयादशमीला बदरीनाथाचे दरवाजे बंद करण्याचा मुहूर्त जाहीर होतो. तो बहुधा नोव्हेंबरच्या मध्यानंतरचा असतो; २०२४ साली १७ नोव्हेंबर होता. दरवाजे बंद करण्यापूर्वी माणा गावच्या मुलीबायांनी विणलेले लोकरी कांबळे तुपात भिजवून मूर्तीला पांघरतात. उद्धव-कुबेर पांडुकेश्वराला मुक्कामाला येतात आणि शंकराचार्यांची गादी जोशीमठाच्या नृसिंह मंदिरात. देवांबरोबर माणसेही उतरतात. माणा आणि नीतीच्या खोऱ्यातली कुटुंबे हिवाळ्यासाठी खालच्या गावांत जातात. नीतीच्या खिंडीतून पूर्वी तिबेटशी व्यापार चालत असे. १९६२ च्या युद्धानंतर तो थांबला. कोठे काय टिकले आणि काय गेले याचा हिशेब या उतरणीत रोज डोळ्यांसमोरून जातो.

मग मध्ये एक पोकळी येते. यात्रा संपलेली, बर्फ पडलेले नाही. हॉटेलांच्या खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. टॅक्सीवाले उन्हाला बसून पत्ते खेळतात. भाड्याच्या स्की दुकानात बांधून पडलेल्या आणि दुकानदार आकाशाकडे न पाहता मोबाइलवर पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावाताचा नकाशा पाहत बसलेला. कारण त्यांचा हिमवर्षाव भूमध्यसमुद्राकडून निघालेल्या या झंझावातांवर अवलंबून आहे, आपल्या मोसमी पावसावर नव्हे. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथील दीदी म्हणाल्या, “भैया, यात्रेचे पैसे मुलांच्या फीला जातात, बर्फाचे पैसे बँकेला जातात. बर्फ नाही पडले तर बँक थांबते का?” अर्थशास्त्राच्या आमच्या वर्गमित्राने हे वाक्य वहीत उतरवून घेतले. मी नुसते ऐकले, पण मला वाटते हंगामी बेरोजगारीवरच्या त्याच्या अख्ख्या प्रकरणात एवढे स्पष्ट काही नव्हते.

ही पोकळी उदास असते असे मात्र समजू नये. दिवाळीनंतर अकराव्या दिवशी, कार्तिकी एकादशीला, गढवालात ‘इगास’ असते. आपल्याकडे त्या दिवशी पंढरपूर. तेथे त्या रात्री चिराच्या राळेच्या लाकडाचे पेटते पलिते वेलीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवितात. त्याला भैलो म्हणतात. आम्ही होतो तेव्हा इगास आली. परगावी नोकरीला असलेली मुले त्यासाठी दोन दिवस घरी आली होती. सहलीतील आमच्या एका मित्राच्या बाहीला ठिणगी लागली एवढाच अनर्थ. शरदातील ही रात्र पाहिली की हे शहर पाहुण्यांसाठी नव्हे तर स्वतःसाठी जगते, हे पटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ साऱ्या देशाला ठाऊक झाले. २ जानेवारीच्या रात्री मारवाडी भागातील एका वसाहतीत जमिनीतून गढूळ पाण्याचा लोट फुटला. घरांना तडे गेले, दोन हॉटेले एकमेकांवर कलली आणि ती पाडावी लागली. शासनाच्या मोजणीत ८६८ इमारतींना तडे आढळले, त्यांतील १८१ धोकादायक क्षेत्रात होत्या. औलीचा रज्जुमार्ग बंद केला गेला. आम्ही गेलो तेव्हाही, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी, त्याच्या तारा तशाच लोंबत होत्या. वर्तमानपत्रांनी लिहिले की शहर ‘अचानक’ खचू लागले.

हा ‘अचानक’ शब्द मला खटकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावसाळा सरल्यावर, ऐन शरदात जोशीमठावर एका दिवसात जवळजवळ १९० मिलिमीटर पाऊस कोसळला होता. घरांना नवे तडे जाऊ लागल्याचे रहिवासी तेव्हापासून सांगत होते. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला ऋषिगंगेला प्रचंड पूर येऊन दोनशेहून अधिक माणसे गेली होती आणि नदीने काठ खरवडले होते. रहिवाशांनी निवेदने दिली, मोर्चे काढले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तज्ज्ञांचे पथक येऊन पाहून गेले. पुढे इस्रोच्या केंद्राने उपग्रहाच्या आधारे सांगितले की एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात जमीन जवळजवळ ९ सेंटिमीटर खचली होती आणि २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत आणखी ५.४ सेंटिमीटर. हा अहवाल थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला आणि शासकीय संस्थांनी परस्पर माहिती देऊ नये असे फर्मान निघाले, हेही येथे नोंदवितो.

म्हणजे देशाने पाहिले ते शेवटचे बारा दिवस. त्याआधीचे दोन शरद कोणी पाहिले नाहीत. का पाहिले नाहीत? कारण शरदात तेथे पाहावयास कोणी नसते. वार्ताहर यात्रेला येतात आणि बर्फाला येतात. आपणही तसेच. तडा गेलेल्या घराची बातमी व्हावयास घराच्या मागे बर्फ असावे लागते की काय, असा कडवट प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

आणि दोन शरदांपुरतेच कशाला बोलावे? १९७६ साली गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्पष्ट लिहून ठेवले होते की जोशीमठ पक्क्या खडकावर नाही, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे. तेथे मोठी बांधकामे करू नयेत, उतारावरचे मोठाले धोंडे खणून वा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, पाण्याचा निचरा नीट करावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. यांत न समजण्यासारखे काय आहे? आपल्या घरामागच्या बांधाला कोणी हात लावू लागले तर अशिक्षित शेतकरीसुद्धा हेच सांगेल. पुढे सैन्याच्या छावण्या वाढल्या, हॉटेले मजल्यांवर मजले चढवीत गेली. सांडपाण्यासाठी बहुतेक घरांना शोषखड्डेच राहिले, म्हणजे ते पाणी त्याच ढिगाऱ्यात मुरत राहिले. तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खणणाऱ्या यंत्राने डिसेंबर २००९ मध्ये भूगर्भातील पाण्याचा साठा फोडला आणि दर सेकंदाला ७०० ते ८०० लिटर पाणी वाहू लागले. २०१० मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांनी त्यावरून धोक्याची सूचना दिली होती. खचण्याशी बोगद्याचा संबंध नाही, तो शहराखालून जात नाही, असे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीचे म्हणणे आहे. लोकांना ते मान्य नाही. या वादाचा निकाल कला शाखेच्या विद्यार्थ्याने देऊ नये हे मला कळते. परंतु मिश्र समितीच्या शिफारशी वाचावयास भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या सह्याद्रीविषयी माधव गाडगीळ समितीने २०११ साली अहवाल दिला, त्याचे आपण काय केले ते आठवून पाहावे, म्हणजे उत्तराखंडाला नावे ठेवताना आवाज आपोआप खाली येतो.

स्कीच्या उताराचे काय? हिम कमी पडते आहे, अवेळी पडते आहे, अशी तक्रार आता साऱ्या हिमालयात ऐकू येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीला ठरलेल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फ नसल्यामुळे रद्द कराव्या लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडे होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. यावर तोडगा म्हणून कृत्रिम बर्फाची यंत्रे सुचविली जातात. २०११ च्या स्पर्धांच्या निमित्ताने औलीला तळे बांधले गेले आणि यंत्रेही आली. त्यांनी औलीचा प्रश्न सुटला असता तर २०२३ ला स्पर्धा रद्द झाल्या नसत्या. मुळात त्या यंत्रालाही थंडी लागतेच. हवा गोठणबिंदूच्या खाली गेल्याशिवाय फवाऱ्याचे बर्फ होत नाही. शिवाय लागते भरपूर पाणी. ज्या शहराचे दुखणेच जमिनीत मुरलेले पाणी हे आहे, त्याच्या डोक्यावर आणखी पाणी साठवून उतारावर शिंपडावे, हा विचार मला तरी झोप उडविणारा वाटतो.

दुसरा तोडगा असतो तो ‘बारमाही पर्यटना’चा. शब्द छान आहे. जून २०१९ मध्ये औलीच्या कुरणावर एका धनाढ्य घराण्याची दोन लग्ने झाली, तेही बारमाही पर्यटनच. उच्च न्यायालयाने ३ कोटी रुपये अनामत भरावयास लावले आणि मांडव उठल्यावर नगरपालिकेला शेकडो क्विंटल कचरा उचलावा लागला. वास्तविक त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाने राज्यातील बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती. गवताला न्यायालयापर्यंत जावे लागते, ही आपल्या विकासाची पातळी.

येथे माझे मित्र मला थांबवितात. त्यांचा आक्षेप साधा आहे आणि खरा आहे. स्की नको, हॉटेल नको, तर मग तेथील पोरांनी काय करावयाचे? डेहराडूनला जाऊन दुकानात उभे राहावयाचे? उत्तराखंडाच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये सांगितले की २०११ नंतर ७३४ गावे पार ओस पडली. औलीच्या उताराने जोशीमठाच्या आणि आसपासच्या गावांच्या मुलांना स्की शिकविली, काहींना शिक्षक केले, काहींना स्पर्धक, आणि त्यांच्या आईबापांना मुलगा घरी असल्याचे सुख दिले. हे मी नाकारत नाही. आम्हाला वर घेऊन गेलेला वाटाड्या हिवाळ्यात स्की शिकवितो. गवताचा उतार दाखवीत तो येथे वळावे, तेथे गुडघे वाकवावेत असे हातवाऱ्यांनी सांगत होता, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहण्यासारखा होता. तो खेळ त्याच्याकडून काढून घ्यावा असे म्हणण्याचा मला काय अधिकार?

माझे म्हणणे तसे नाहीच. स्की राहू दे. पण जो पैसा, जे लक्ष आणि जी घाई दरवर्षी बर्फासाठी होते तिच्यातील निम्मी शरदात गटारांसाठी व्हावी. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जोशीमठाच्या पुनर्उभारणीसाठी १,६५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातील खोदाई आणि बांधकाम करावयाचे तर कोणत्या महिन्यांत? पावसाळ्यात दरडी, हिवाळ्यात गोठलेली जमीन. खरा कामाचा काळ उरतो तो वसंत आणि हा शरद. आणि तेवढ्यात बर्फाचा सीझन आला की सगळ्यांचे डोळे वर उताराकडे लागतात. फ्रान्समधील ज्युरा पर्वतात मेताबिएफ नावाचे स्कीचे ठिकाण आहे. तेथील लोकांनी बर्फ पुरते संपण्याची वाट न पाहता उतारावरची स्की टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याची आणि दुसरे उद्योग उभे करण्याची आखणी आधीच हाती घेतली. जोशीमठाने त्यांचे अनुकरण करावे असे नव्हे. ती उंची वेगळी, ती संपत्ती वेगळी. पण ठरविणारे कोण, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. तेथे गावाने ठरविले. येथे कोण ठरविते हे जोशीमठातल्या एकालाही मला खात्रीने सांगता आले नाही.

आता आपल्यापुरते. जिमखान्याच्या फलकावर गेली काही वर्षे जानेवारीतील ‘बर्फसहली’ची सूचना लागते आणि दोन दिवसांत नावे भरतात. मुले जातात, बर्फात लोळतात, छायाचित्रे घेऊन येतात. त्यांच्या आनंदाला मी नावे ठेवीत नाही. परंतु भाडे दुप्पट, खोल्या तिप्पट, वरती जाणारी गाड्यांची रांग आणि बर्फ असेलच याची खात्री नाही. त्याऐवजी हीच सहल दिवाळीच्या सुट्टीत न्यावी, हॉटेलात न उतरता घरांतून उतरावे, दहा-पंधराच्या वर मुले नसावीत, अशी सूचना मी करतो. पोकळीच्या त्या दिवसांत एका घराला मिळालेले चार दिवसांचे भाडे जानेवारीतल्या भाड्यापेक्षा अधिक कामाला येते, असे दीदींनीच सांगितले. समाजशास्त्राच्या मुलांना तेथे पलायन दिसेल, अर्थशास्त्राच्या मुलांना कर्ज, इतिहासाच्या मुलांना तिबेटची वाट, मराठीच्या मुलांना इगास. आमच्या विभागाच्या सरांनी तर दरवर्षी त्याच दहा घरांच्या भिंतींवरचे तडे मोजून त्याची नोंद ठेवण्याची कल्पना मांडली आहे. काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकली की झाले, खर्च नाममात्र.

अडचण एकच आहे. रेल्वेचे आरक्षण आता साठच दिवस आधी उघडते आणि दिवाळीची हरिद्वारची तिकिटे पहिल्या सकाळीच संपतात. तेव्हा हा विषय सहल समितीपुढे जुलैच्या सभेतच यावयास हवा. ऑगस्टमध्ये तो मांडला तर पुन्हा जानेवारीच उरेल.